मुलाला ऑटिझम आहे म्हणाले, आता इंदुरात सुरुवात कुठून करायची?

हे मी त्या आई-बाबांसाठी लिहितेय ज्यांना मागच्या आठवड्यात किंवा मागच्या महिन्यात कुणीतरी डॉक्टर म्हणाले की मुलाला ऑटिझम असू शकतो, आणि जे तेव्हापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत बसलेत. आमचा चिकू आता नऊ वर्षांचा आहे. निदान झालं तेव्हा दोन वर्ष दहा महिन्यांचा होता. पहिले सहा महिने आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं, आधी महागडं सेंटर, मग डॉक्टर, मग कानाची तपासणी, आणि कागदपत्रं तर दोन वर्षांनी. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, लोकमान्य नगरात राहणारी एक आई आहे जिच्या फ्रिजच्या दारावर चित्रांची कार्डं लावून लावून आता जागाच उरलेली नाही.

आधी कान, मग बाकी सगळं

चिकू दीड वर्षाचा असताना कचऱ्याची गाडी गल्लीच्या टोकाला आली की तिचं गाणं ऐकून गॅलरीकडे धावायचा, पण नावाने दहा हाका मारा, मान वळायची नाही. सासूबाई म्हणायच्या, बघ, ऐकू तर येतंय ना, मग कशाला काळजी. नवऱ्याच्या एका काकांना म्हणे चार वर्षांपर्यंत बोलता येत नव्हतं आणि पुढे ते बँकेत मॅनेजर झाले. प्रत्येक घरात असे एक काका असतात हो. त्यांच्या भरवशावर आमचे आठ महिने गेले.

वर्षाचं झालं तरी नावाला प्रतिसाद नाही, सव्वा-दीड वर्षापर्यंत बोटाने काही दाखवत नाही, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांनी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द अचानक गेले, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. सगळ्यात आधी कानाची तपासणी करा, बेरा म्हणतात तिला, मूल झोपलेलं असताना करतात. गाणं ऐकू येतंय म्हणजे सगळे आवाज नीट ऐकू येतात असं नसतं, आणि ऐकण्यातच कमी असेल तर पुढचा सगळा रस्ताच वेगळा आहे.

सोळा ते तीस महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी असते, हिंदीतही मिळते, दहा मिनिटांत भरून होते. त्यातून निदान होत नाही, फक्त पुढे जायचं का ते कळतं. पण भरून बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलात तर 'थोडं बघूया, बोलेल हळूहळू' हे उत्तर जरा कमी वेळा मिळतं.

निदान कोण करतं

हे काम डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा बालन्यूरॉलॉजिस्ट करतात, सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतात. रक्ताची तपासणी किंवा एमआरआय करून ऑटिझम दिसत नाही, मुलाला बघून, खेळवून, तुम्हाला तासभर प्रश्न विचारूनच ते ठरतं. झटके येत असतील किंवा दुसरी काही शंका असेल तर ईईजी वगैरे सांगतात, ती गोष्ट वेगळी. दहा मिनिटांत मुलाकडे एकदा बघून कुणी शिक्का मारला, किंवा दहा मिनिटांत 'कुछ नहीं है, मोबाइल बंद कर दो' म्हटलं, तरी दुसरं मत घ्या. मोबाईल कमी करावाच, पण 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं अधिकृत निदान कुठेही नाही, आणि त्या शब्दाने आईला किती अपराधी वाटतं ते मला विचारा.

खासगीत परवडत नसेल तर सरकारी बाजू विसरू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट असते आणि ऑटिझम त्या यादीत आहे. आंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत येणारी टीम याच कार्यक्रमाची, ती पुढे जिल्हा पातळीवरच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला पाठवते. इंदुरात एमवाय हे सरकारी हॉस्पिटल आणि त्याच्या शेजारचं चाचा नेहरू बाल चिकित्सालय हे दोन पत्ते सगळ्यांना ठाऊक आहेतच. भोपाळला जायची तयारी असेल तर तिथे केंद्र सरकारचं सीआरसी आहे, म्हणजे अपंग पुनर्वसनाचं एकत्रित केंद्र, आणि एम्सही आहे. सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. डबा आणि मुलाची नेहमीची वाटी-चमचा मात्र सोबत घ्या, बाहेरचं ताट बघून आमच्याने एक अख्खा दिवस पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

थेरपी म्हणजे नेमकं काय काय

पहिल्या दिवशी एवढी नावं कानावर पडतात की डोकं गरगरतं. स्पीच थेरपी म्हणजे बोलणं, आणि बोलता येत नसेल तर चित्र, खूण, टॅब, कशानेही आपलं म्हणणं पोचवणं. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे हाताचं काम, जेवण, कपडे, बटण, आणि आवाज-स्पर्श-उजेड सहन होणं. स्पेशल एज्युकेटर अभ्यास आणि शाळेची तयारी बघतात. आणि चौथी बिहेवियर थेरपी, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

या थेरपीचं एबीए, म्हणजे अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, हे तीन अक्षरी नाव तुम्ही ऐकाल. मुळात कल्पना साधी आहे, कुठलंही वागणं हवेतून येत नाही, त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं आणि नंतर त्याला काहीतरी मिळालेलं असतं. मोठं काम छोट्या तुकड्यांत मोडायचं, तुकडा जमला की लगेच मुलाला आवडणारं काहीतरी द्यायचं, सुरुवातीला हात धरून मदत करायची आणि ती मदत हळूहळू काढून घ्यायची. अमेरिकेतल्या लोवास नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये आठवड्याला चाळीस तास अशा कामाचा अभ्यास छापला आणि तिथून हे जगभर पसरलं. पण त्या काळच्या पद्धतीत शिक्षाही होती, ओरडणं होतं, मारणंही होतं, आणि ज्यांच्यावर हे झालं ती मुलं आज मोठी होऊन आपला अनुभव सांगतात तेव्हा तो ऐकावा. आता चांगल्या ठिकाणी हे खेळातून करतात, मुलाच्या आवडीच्या मागे जाऊन. म्हणजे पाटी तीच असली तरी आत काय चालतं ते सेंटरप्रमाणे बदलतं, म्हणून नाव बघून नका ठरवू, आत बसून बघा.

सेंटर निवडताना

पहिला प्रश्न हा विचारा, मी आत बसू शकते का? आमच्या पहिल्या सेंटरमध्ये दार बंद असायचं, 'मम्मी दिखेगी तो बच्चा रोएगा' म्हणायचे, आणि पाच महिने पैसे भरूनही चिकू आत काय करतो ते मला माहीत नव्हतं. घरी येऊन तो फक्त एक नवीन गोष्ट शिकला होता, पायऱ्या दिसल्या की रडायचं. त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या. आता मी कुणालाही सांगते, काच असू दे, कॅमेरा असू दे, नाहीतर स्टूल टाकून कोपऱ्यात बसू दे, पण दिसलं पाहिजे.

मग विचारा, पुढच्या तीन महिन्यांचं ध्येय कागदावर द्याल का. 'कम्युनिकेशन सुधारेंगे' हे काही ध्येय नाही. 'पाणी हवं असेल तर पाचपैकी चार वेळा कार्ड दाखवून मागेल' हे ध्येय, कारण ते झालं की नाही तुम्ही घरी बसून सांगू शकता.

थेरपिस्टचं रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये असते, त्यांना सीआरआर नंबर मिळतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिथे येत नाहीत, त्यांची डिग्री बघा. तीन महिन्यांचा कोर्स करून 'ऑटिझम एक्स्पर्ट'ची पाटी लावणारे प्रत्येक कॉलनीत निघालेत, त्यातले काही मनाने फार चांगले असतात, पण तुमच्या मुलावर त्यांनी शिकावं का हे तुम्ही ठरवा.

आणि उठून यायच्या खुणा. 'छह महीने में नॉर्मल कर देंगे' म्हणणं. हात फडफडवले की हात धरून ठेवणं. जबरदस्तीने हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावणं. काम करावं म्हणून मुलाला उपाशी ठेवून आणायला सांगणं. स्टेम सेलचं पॅकेज विकणं, ऑटिझमसाठी ते मान्यताप्राप्त उपचार नाहीत हे नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच सांगितलंय, तरी लोक घर गहाण ठेवून करतात. लस आणि ऑटिझमचं जे ऐकता तेही सोडून द्या, लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 1998 चा लेख ज्या मासिकात आला होता त्यांनीच 2010 मध्ये मागे घेतला.

घरचे तास

आता एक हिशोब करा. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास. आपल्यासारख्या घरांत सेंटरला जमतात ते तीन, फार तर पाच. उरलेल्या वेळात मूल आपल्याजवळ असतं, आजीजवळ असतं, पोळ्या करणाऱ्या मावशींच्या पायात घुटमळत असतं. त्यामुळे जी थेरपिस्ट चिकूऐवजी मला शिकवायला लागली तिच्याकडे गेल्यावरच आमचं काही हललं. दर सेशनला शेवटची दहा मिनिटं माझी, ती दाखवणार, मग मी तिच्यासमोर करून दाखवणार, मग ती चुका सांगणार. तुम्ही पण हीच अट घाला.

पहिलं घरकाम तिने दिलं ते वहीचं. तीन रकाने, आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, मग आम्ही काय केलं. तेव्हा चिकू काही सकाळी साडेसहाला डोकं भिंतीवर आपटत उठायचा आणि काही सकाळी छान हसत. सासूबाईंना वाटायचं दृष्ट लागते, त्या मीठ-मोहऱ्या उतरवायच्या, मला वाटायचं रात्रीचं जेवण पचत नाही. तीन आठवडे वही लिहिल्यावर नवरा म्हणाला, अगं हे तर एक दिवसाआड आहे. आणि एक दिवसाआड आमच्याकडे काय होतं? नर्मदेचं पाणी येतं! खाली मोटर चालू होते आणि ती मोटर बरोबर त्याच्या पलंगामागच्या भिंतीला लागून. पलंग दुसऱ्या खोलीत नेला, मोटरखाली रबराची चटई टाकली, आणि पाणी यायच्या दिवशी भिंतीवर बादलीचं चित्र लावायला लागलो म्हणजे त्याला आधीच कळतं. आपटणं पंधरा दिवसांत जवळजवळ गेलं. मीठ-मोहऱ्या अजून चालू आहेत, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

वही लिहिताना कारण शोधायची चार घरं लक्षात ठेवा, काहीतरी हवंय, काहीतरी टाळायचंय, आपलं लक्ष हवंय, किंवा शरीरालाच ते बरं वाटतंय. एकच लोळण घेणं चार मुलांत चार कारणांनी असू शकतं. नमकीनच्या दुकानापुढे शेवेसाठी लोळतोय तर शेव दिली की लोळणं पक्कं होतं, पण दुकानातल्या गर्दीने घाबरून लोळतोय तर न देता तिथेच उभं राहणं म्हणजे नुसता छळ. आधी कारण, मग उपाय. आणि शेवेसाठी असेल तर नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही, मागायचा दुसरा रस्ता शिकवावा लागतो, कार्ड द्यायचं, हात पुढे करायचा, काहीही, आणि त्या रस्त्याने मागितलं की लगेच द्यायचं. जुना रस्ता बंद झाला की लोळणं आधी वाढतं मग कमी होतं, हे माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशीच माणूस हरतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर मात्र हे एकट्याने करू नका, थेरपिस्टला सोबत घ्या. दात, कान, पोट दुखतंय का तेही आधी बघून घ्या, कारण बोलता न येणारं मूल दुखणं असंच सांगतं.

मराठी सोडू नका

हे वेगळं लिहितेय कारण इंदूर-देवास-उज्जैनच्या मराठी घरांत हे हमखास होतं. आम्हाला सांगितलं गेलं, घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्लिश, बच्चा कन्फ्यूज हो रहा है, एक ही भाषा रखो, हिंदी. आम्ही ऐकलं. मी आणि नवरा तर हिंदी सहज बोलतो, पण सासूबाईंची हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरती, त्या त्याच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. दिवसातले सहा तास जी बाई त्याच्याजवळ बसायची ती गप्प झाली. चार महिने. आज विचार केला तरी वाईट वाटतं.

दोन भाषांच्या घरात ऑटिझमची मुलं बोलण्यात आणखी मागे पडतात असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. दुसऱ्या थेरपिस्टने सरळ सांगितलं, आजीला बोलू द्या, फक्त छोटं बोला आणि एका गोष्टीला घरात एकच शब्द ठेवा. 'चला बाळा आता आपण आंघोळ करून छान छान कपडे घालूया' याच्या जागी 'आंघोळ' आणि हातात टॉवेल. कार्डावर चित्र एकच, खाली दोन्ही शब्द लिहिले, म्हणजे सेंटरला आणि घरी कार्ड तेच. सासूबाई वाढताना विचारायच्या, पुरे? आणि थांबायच्या, त्याच्याकडे बघत, डाव हवेत धरून. चौथं वर्ष लागलं तेव्हा एक दिवस तोच म्हणाला, 'पुए'. त्याचा पहिला कामाचा शब्द, आणि तो आजीचा. सेंटरमध्येही मग कंटाळा आला की 'पुए' म्हणायला लागला आणि तिथल्या मॅडम मला विचारत होत्या, ये पुए क्या होता है. थांबणं हीच ट्रिक आहे त्यात, प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजायचं. आपण इंदुरी लोक दोनच्या पुढे थांबत नाही.

कागदपत्रं, निदानाच्या महिन्यातच

2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात स्वतंत्र आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग मेडिकल बोर्डासमोर जायचं. ऑटिझम किती ते ठरवायला इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, चाळीस मुद्दे, गुण 70 च्या खाली म्हणजे ऑटिझम नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. बहुतेक सवलतींना प्रमाणपत्रावर 40 टक्के अपंगत्व लागतं. लहान मुलांच्या प्रमाणपत्रावर शक्यतो नूतनीकरणाची तारीख असते, ती मोबाईलमध्ये आत्ताच टाका. आधार, फोटो, आधीचे सगळे रिपोर्ट, आणि मध्य प्रदेशात कशालाही लागते ती समग्र आयडी, हे सगळं दोन झेरॉक्ससकट एका फाइलमध्ये. बोर्डाच्या दिवशी गर्दी असते, मुलाला खायला आणि हातात धरायला काहीतरी न्या. तिथे मूल 'चांगलं वागलं' तर घाबरू नका आणि 'वाईट वागलं' तर माफी मागत बसू नका. मुलाला अपंग हे नाव लावायला काही लोक तयार नसतात, पुढे लग्नात अडचण येईल म्हणतात, तीन वर्षांच्या मुलाच्या लग्नाची! कार्ड काढलं म्हणजे ते गळ्यात घालून फिरायचं नसतं.

मग निरामया. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे चालू थेरपीचे पैसेही ठरलेल्या मर्यादेत परत मिळतात. नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेतून अर्ज जातो. दर वर्षी रिन्यू करावं लागतं, आणि बिलं मूळ लागतात, म्हणून सेंटरकडून पहिल्या दिवसापासून पक्की पावती घ्या, पेनाने लिहिलेली चिठ्ठी चालत नाही.

इन्कम टॅक्समध्ये अपंग मुलाच्या पालकांना सूट आहे, 1961 च्या कायद्यातलं कलम 80डीडी, 75 हजार, आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख, खर्च किती झाला ते विचारत नाहीत. पण जुनी टॅक्स पद्धत घेतली असेल तरच, आणि ऑटिझमसाठी 10-आयए हा फॉर्म डॉक्टरांकडून लागतो. आमच्या सीएंना हे माहीत नव्हतं, दोन वर्षं गेली.

शाळा

कायद्याने शाळा ऑटिझम आहे म्हणून नाही म्हणू शकत नाही, आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला कळेलच. आम्हाला तीन ठिकाणी 'सीट फुल है' ऐकायला मिळालं, त्यातल्या एका ठिकाणी शेजाऱ्यांच्या मुलीला दुसऱ्याच दिवशी ॲडमिशन मिळालं. भांडण्यात दम असेल तर लेखी नकार मागा, लेखी म्हटलं की सूर बदलतो. आम्ही शेवटी छोटी शाळा बघितली, वर्गात पंचवीसच मुलं, बाईंना मुलात रस, इमारत साधी. पहिल्या दिवशी बाईंना एक पान द्या, त्याला काय आवडतं, काय सहन होत नाही, रडला तर काय करायचं. एकच पान, जास्त दिलं तर वाचत नाहीत.

सण आणि आवाज

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, राजवाड्यावर बघणं म्हणजे आपल्यासाठी वर्षाचा सण, पण तोफेने उडवलेला रंग, डीजे, धक्काबुक्की, त्या गल्लीत या मुलांना नेऊ नका, कुणी कितीही म्हणो. घरीच परात भरून पाणी आणि एकच रंग, त्याला हवा तो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे चालते देखावे, मात्र आम्ही दर वर्षी बघतो. जेल रोडला नणंदेचं दुसऱ्या मजल्यावर घर आहे, आवाज कमी करणारे हेडफोन आठ दिवस आधीपासून घरी रोज पाच मिनिटं घालायची सवय केली, झांकीचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवला, मग थोडा आवाज ठेवून. पहिल्या वर्षी सात मिनिटं टिकला, तेवढ्यातच परत आलो, तो रडायच्या आत. दुसऱ्या वर्षी वीस. मागच्या वर्षी रात्री साडेबाराला मला झोप येत होती आणि हा कठड्याला धरून उभा, दिव्यांची रांग मोजत. घरी चल म्हटलं तर 'पुरे' काही म्हणेना.